टोपली घेऊन शिकारीला

आमच्या घरात बंदूक टीव्हीतून आली. दारातून आली असती तर मी दार लावून घेतलं असतं. इथे परदेशात, टाकानिनीत, कुरिअरवाला आला तरी मी आधी पडद्याआडून बघते आणि तो गेल्यावर दार उघडते. पण टीव्हीला कुठे कडी असते?

रविवारी सकाळी मी पोहे करायची आणि बाहेर सोफ्यावर नवरा आणि मुलगी शिकारीचा कार्यक्रम बघत बसायचे. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. कार्यक्रमात एक दाढीवाला झुडपाच्या रंगाचे कपडे घालून झुडपातच पडलेला असायचा आणि कानात सांगितल्यासारखं बोलायचा. किती वेळ तो नुसता कुजबुजायचा. मग हरीण यायचं, मग ठो, मग लगेच गिटार वाजायची आणि दाढीवाला हरणाची शिंगं धरून हसत बसलेला, शेजारी त्याचा एवढासा मुलगा, तो पण हसतोय. मधलं काही नाही. ठो आणि गिटार. मला तर कितीतरी आठवडे वाटत होतं की हरीण पण त्यांचंच आहे, फोटोपुरतं झोपलंय.

नवरा म्हणायचा, "बघ, इथली पोरं किती डेअरिंगबाज. नाहीतर आपण." आपण म्हणजे मी. तो स्वतः बाथरूममध्ये कोळी दिसला की मला हाक मारतो, पण सोफ्यावर बसून त्याने शेकडो हरणं मारली असतील, हातातली पोह्याची डिश न सांडता. सेलमध्ये त्याने तसलं झुडपाच्या रंगाचं जाकीट पण घेतलं होतं. टीव्ही बघताना घालायचा.

मुलीने सगळं भराभर उचललं. मी मराठीत बोलायची, ती इंग्लिशमधून उत्तर द्यायची, तसं आमचं चालायचंच, पण आता ती उत्तर कुजबुजत द्यायला लागली. मी कणीक मळत असले की ओट्यामागून आवाज यायचा, "आई, डोन्ट मूव्ह." मी दचकायचे. "यू मूव्ह्ड," ती वैतागायची. फोडणी दिली की नाक वर करून सांगायची की वारा उलटा आहे, "दे कॅन स्मेल अस." मी म्हणायचे, अगं कोण दे? "द डीअर." आमची ती रांगेतली एकसारखी नवी घरं, झाडंसुद्धा अजून काठीला बांधलेली, तिथे हरीण कुठून यायचं? पण मी आपली पडद्याआडून बघून घ्यायचे. न जाणो.

देव्हाऱ्यात सासूबाईंनी पुण्याहून आणून ठेवलेला शंकराचा फोटो होता, वाघाच्या कातड्यावर बसलेला. आजवर मुलीने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. एक दिवस म्हणाली, "डिड ही शूट इट हिमसेल्फ?"

"अगं, देव आहे तो."

"बट ही इज सिटिंग ऑन इट."

 नवऱ्याला विचारलं तर तो जाकिटातून म्हणाला, "मारला असेल. पुराणात काहीतरी आहे." तेव्हापासून ती शंकराला मनापासून हात जोडायला लागली. गणपतीला नाही. गणपतीचा उंदीर अजून जिवंत होता ना.

मी हडपसरची. बारावीला इंग्रजीत उडाले आणि लग्न होऊन आले ती इंग्रजीच्याच गावात. त्यामुळे माझं असं आहे की समोरच्याच्या वाक्यातला एक शब्द ओळखीचा निघाला की त्याला धरायचं आणि येस येस म्हणायचं. बऱ्याचदा निभतं. डेअरीवाल्याशी, शाळेतल्या टीचरशी, डेंटिस्टकडे. डेंटिस्टकडे निभलं नव्हतं, पण तो दात तसाही पडणारच होता म्हणे.

आमच्या शेजारी एक गोरं कुटुंब राहायचं. त्यातला बाप घरांची छपरं घालायचं काम करायचा. बायको, आमच्या मुलीच्याच वर्गातली एक मुलगी, दोन कुत्री आणि एक युट, म्हणजे पुढे मोटारीसारख्या दोन ओळी सीट आणि मागून उघडी, आपल्या छोट्या टेम्पोसारखी गाडी. शनिवारी ती युट रिकामी जायची आणि रविवारी भरून यायची, वर ताडपत्री आणि ताडपत्रीतून बाहेर आलेले पाय. मी पडदा ओढायचे. मुलगी तो परत उघडायची.

पण माणसं मनाने फार चांगली. आम्ही राहायला आलो तेव्हा हरणाच्या मांसाच्या सॉसेजेस घेऊन आले. आता आमच्या घरात नॉनव्हेज चालत नाही. म्हणजे सासूबाईंचा नियम असा की स्वयंपाकघरात चालत नाही आणि नवऱ्याने काढलेला अर्थ असा की गॅरेजमध्ये चालतं. गॅरेजमध्ये आमचा दुसरा फ्रीज आहे, दुसरी कढई आहे, दुसरा नवरा आहे म्हटलं तरी चालेल.

तर एक दिवस मी कपडे वाळत घालत होते आणि शेजारचा कुंपणावरून म्हणाला की येत्या शनिवारी आम्ही आमच्या मुलीला छोट्याशा हंटला नेतोय, तुमचीला यायचंय का, "इज शी कीन?"

आता हंट हा शब्द मला पक्का येत होता. मुलगी किंडीत, म्हणजे इथल्या बालवाडीत, होती तेव्हा ईस्टरला त्यांच्या बागेत झालं होतं ते. झाडाखाली, कुंडीत, घसरगुंडीच्या मागे चॉकलेटची अंडी लपवतात, मुलं टोपल्या घेऊन धावतात. एग हंट. टीव्हीवरच्याला आमच्या घरात सगळे डीअर शो म्हणायचे, त्यामुळे हंट म्हणजे माझ्या डोक्यात अंडीच. इतका ओळखीचा शब्द मला कुंपणावर कधी भेटला नव्हता, मी तर खुश झाले.

"येस येस," मी म्हणाले, "शी लव्ह हंट."

"शी'ज बीन बिफोर?"

"येस! लास्ट टाइम शी गॉट इलेव्हन."

त्याने कुंपणावर टेकवलेले हात काढून घेतले.

"इलेव्हन," तो म्हणाला. "ऑन हर ओन?"

"ऑन हर ओन. अदर चिल्ड्रन पुशिंग, क्राइंग. शी इज व्हेरी फास्ट."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "गुड ऑन हर," म्हणाला आणि घरात जाऊन बायकोला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर ज्या बायका मला नुसतं हॅलो करून पुढे जायच्या त्या थांबल्या. एक तर माझ्या मुलीकडे बघून आपल्या मुलाला जवळ ओढून उभी राहिली. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी आपण यांच्यातले झालो.

शनिवारी सकाळी मी मुलीला छान फ्रॉक घातला, हातात तीच टोपली दिली, गुलाबी रिबिनीची, आणि दार उघडलं. दारात शेजारचा, त्याची मुलगी, हातात माझ्या मुलीच्या मापाचं भडक नारिंगी जाकीट. मागे युट. युटमध्ये कुत्री. आणि सीटच्या मागच्या बाजूला लांब पिशवीत जे काय होतं ती छत्री नव्हती.

"अहो!" मी आत पळाले. "अहो, बंदूक आहे!"

"कुठे?"

"हंटला! त्याच्या गाडीत!"

"मग हंटला काय न्यायचं असतं? हंट म्हणजे शिकार."

"मग अंड्यांचं काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याला कळलं, मग तो हसला आणि मग त्याचा चेहरा पडला. "आता नाही कसं म्हणायचं? पहिल्यांदा कुणी कुठे बोलावलंय आपल्याला." आणि जाकीट घालायला लागला. मी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, तुला माहीत होतं? तिला शाळेत मैत्रिणीने सगळं सांगितलेलं होतं. "यू सेड येस, आई," ती म्हणाली. आणि फ्रॉक बदलायला पळाली.

मग मी पण निघाले. मला घाबरायचं असलं तर मी समोर राहून घाबरते, घरी बसून घाबरणं मला झेपत नाही. टोपलीत पराठे भरले आणि मागच्या सीटवर दोन मुलींच्या मध्ये जाऊन बसले.

हनुआच्या डोंगरापलीकडे शेजारच्याच्या काकांचं शेत होतं. वाटेत तो समजावून सांगत होता आणि नवरा मला मराठीत करून सांगत होता. रानबकऱ्या मारायच्या आहेत. त्या पेस्ट आहेत. पेस्ट म्हणजे काय? म्हणजे बाहेरून आलेल्या, इथल्या नव्हेतच मुळात, इथलं सगळं खातात, भराभर पोरं काढतात आणि जिथे जातात तिथे आणखी येतात. मी नवऱ्याला हळूच विचारलं, "हे बकऱ्यांबद्दलच बोलतायत ना?" नवरा म्हणाला, "गप्प बस." पण त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी मग विचारायला लावलं की बकऱ्या आणल्या कुणी, तर इंग्लंडहून जहाजं आली त्यांनी. म्हणजे आणणारे राहिले आणि बकऱ्या पेस्ट.

मग शेजारच्याने आरशातून बघत मला विचारलं की तुमच्या मुलीने ते अकरा कशाने मारले, कुठली रायफल होती.

"बास्केट," मी म्हणाले आणि टोपली वर धरली.

नवऱ्याने डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. शेजारचा इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्याची मुलगी हसली. कुत्री पण भुंकली. माझी मुलगी तेवढी हसली नाही, तिचे कान लाल झाले, ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "यू आर सो एम्बॅरसिंग, आई."  शेजारचा डोळे पुसत म्हणाला, हरकत नाही, आज माझ्या मुलीचा नंबर, हिचा पुढच्या वेळी, हिला आपण खरी शिकार करायला लावू.

 माझ्या सहा वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक देणार म्हणे पुढच्या वेळी. आणि मी नको म्हणाले तर मी तिची जन्माची भित्री, अडाणी, टोपलीवाली आई. ती इथे मोठी होणार, या लोकांत. मला पोरीच्या हातात बंदूक नको होती आणि पोरगी पण हातातून जायला नको होती.

शेतावर आम्ही गवतात पालथे पडलो. समोरच्या उतारावर पाच-सहा बकऱ्या चरत होत्या, काळ्या-पांढऱ्या, अगदी हडपसरला रस्त्याने जातात तशा. शेजारच्याची मुलगी बंदुकीमागे, तिच्यावर ओणवा तिचा बाप, हात तिच्या हातावर. माझी मुलगी शेजारी पडून टीव्हीतल्या दाढीवाल्यासारखी कुजबुजत होती, "नाइस अँड स्टेडी. बिहाइंड द शोल्डर." सहा वर्षांची! तिला पाढे येत नव्हते. मी कान झाकले, डोळे मिटले.

ठो.

डोळे उघडले तर बकरी पडली नव्हती. मागच्या पायांवर बसली होती आणि ओरडत होती. बकरी ओरडते ना ती कुणाला तरी हाक मारल्यासारखी ओरडते. ती ओरडतच राहिली. शेजारच्याने पटकन बंदूक स्वतःकडे घेतली आणि दुसरी गोळी घातली, मग ओरडणं थांबलं. त्याचाही चेहरा उतरला होता, खोटं कशाला बोलू. त्याची मुलगी उठून बसली होती आणि तिचे ओठ पांढरे झाले होते.

माझ्या मुलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "आई," ती म्हणाली, "व्हेअर इज द म्युझिक?"

मी म्हटलं, नाहीये गं.

मग फोटो. शेजारच्याने लेकीला बकरीची शिंगं धरायला लावली, स्माइल म्हणाला, ती हसली, ते हसू बरोबर आलं नाही म्हणून परत स्माइल. चारपाच वेळा हसून झालं तेव्हा टीव्हीसारखं आलं. माझा नवरा लांबून फोटो घेतो म्हणून झाडामागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

आणि मग शेजारच्याने बकरीच्या रक्तात बोट बुडवलं आणि आपल्या लेकीच्या कपाळावर ओढलं. मी किंचाळलेच. ती म्हणे त्यांच्याकडची पद्धत, पहिली शिकार झाली की लावायचं, बापाने लावायचं, त्याला त्याच्या बापाने लावलं होतं. मग माझ्या मुलीला बघून त्याला दया आली असेल, म्हणाला, "अँड वन फॉर द एग हंटर," आणि तिच्या कपाळाला पण लावलं. ती हलली नाही. मग बोट माझ्याकडे वळलं, "यू टू, मम?" मी इतकी गोंधळले की कुणी कुंकू लावलं की हातावर काहीतरी ठेवायचं एवढंच मला आठवलं आणि मी टोपलीतून पराठा काढून त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवला. लोणच्यासकट. त्याने खाल्ला. "स्वीट ॲज," म्हणाला. मेथीचा होता.

परत येताना मुलगी माझ्या दंडाला चिकटून बसली होती. डोंगर ओलांडल्यावर म्हणाली, "आई, ती ओरडली." मराठीत. टीव्हीतल्या हरणाला ती नेहमी इट म्हणायची.

घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. मी ओला रुमाल आणायला धावले आणि तेवढ्यात नवऱ्याने सवयीने फोन उचलला. लेकीचं कपाळ स्क्रीनभर.

"अगंबाई!" सासूबाई ओरडल्या. "कित्ती गोड! आज कपाळ मोकळं नाही! कुठे गेली होतीस गं बाळा?"

"गोट, आजी."

"गोठ्यात? अरे वा वा! गाय बघितलीस?"

"नो आजी, गोट. ऑन द फार्म."

"कळलं गं, फार्मवर गोठा. आणि कुंकू कुणी लावलं?"

"माय फ्रेंड्स डॅड."

"ऐकलंस?" सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तिकडे गोऱ्या लोकांना कळायला लागलं. नाहीतर आपल्या सोसायटीतल्या मुली, टिकली लाव म्हटलं तर तोंडं वाकडी करतात. नैवेद्याला काय होतं?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"पराठे," मी म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

सासूबाईंनी स्क्रीनवरच्या त्या कपाळाचा फोटो काढून ठेवला होता. आठवड्याभरात त्यांच्या सगळ्या भजनी मंडळात गेला. परदेशात राहून नात गोसेवा करते. एका काकूंनी मला व्हॉट्सॲपवर विचारलं, एवढे संस्कार तू कसे केलेस, आमच्या सुनेला जरा सांग ना. मी हात जोडलेलं चिन्ह पाठवलं, दुसरं काय पाठवणार?

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. रविवारी डीअर शो लागायचा, मुलगी बाबाशेजारी बसायची, पण दाढीवाल्याने गालाला बंदूक लावली की उठून माझ्याकडे यायची आणि म्हणायची, मी शेंगदाणे घालू का पोह्यात. गिटार वाजेपर्यंत शेंगदाणे घालत राहायची. आम्ही तेव्हा शेंगदाण्यांतच पोहे खात होतो. विचारलं तर म्हणायची, "आय ॲम फाइन." शाळेत मात्र सगळ्यांना सांगून बसली होती की पुढचा नंबर माझा. मैत्रिणीचा शिंगं धरलेला फोटो वर्गात दाखवून झाला होता, टाळ्या झाल्या होत्या. मग माघार कशी घ्यायची? सहा वर्षांची असली तरी अब्रू असतेच.

मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही जाऊन नाही म्हणून सांगा. तो म्हणाला, "मी कसं सांगू? त्याला वाटतं मी पण हंटर आहे." म्हणजे मलाच सांगायचं होतं. मी भांडी घासताना वाक्य पाठ करायचे. सॉरी, सॅटरडे शी हॅज डान्स क्लास. तिला डान्स क्लास नव्हता, पण मी लावायला तयार होते.

आणि एक दिवस कुंपणाशी तो आलाच, लेकीला घेऊन. पुढच्या शनिवारी जाऊ या, म्हणाला, छोट्या मापाची रायफल मिळाली आहे, हलकी आहे, हिला बरोबर होईल. माझी मुलगी माझ्या मागे उभी होती. माझ्या तोंडात डान्स क्लास आला होता, पण त्याने मला विचारलंच नाही. वाकून तिलाच विचारलं, "सो, यू कीन?"

ती पुढे आली. मैत्रिणीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. हनुवटी वर.

"आय ॲम कीन," ती म्हणाली. "बट माय मम गेट्स स्केअर्ड. शी इज स्केअर्ड ऑफ एव्हरीथिंग. इफ आय गो, शी'ल क्राय."

मला आधी वाईटच वाटलं. मी तोंड उघडलं, म्हणजे अगं असं काय सांगतेस लोकांना, असं म्हणणार होते. तेवढ्यात माझा कुर्ता मागून ओढला गेला. तिची मूठ. घट्ट, गाठ मारल्यासारखी.

"येस," मी म्हणाले. "आय क्राय."

"रिअली?" तो म्हणाला.

"व्हेरी मच. होल डे. हीप्स." हीप्स म्हणजे ढीगभर. आणि कमी पडायला नको म्हणून ओढणी डोळ्यांना लावली. "ही इज ऑल्सो स्केअर्ड," म्हणून नवऱ्याकडे पण बोट दाखवलं, तो गॅरेजच्या दारात जाकीट घालून उभा होता. तो म्हणाला, "काय?" 

शेजारचा माझ्या मुलीकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "फेअर इनफ. यू बेटर स्टे अँड लुक आफ्टर युअर मम देन." कुर्त्यावरची मूठ सैल झाली.

तो वळला, पण त्याची लेक जागची हलेना. ती कुंपणाची फळी नखाने खरवडत उभी होती. मान खालीच.

"डॅड," ती म्हणाली, "कॅन आय स्टे अँड लुक आफ्टर हर मम टू?"

 त्याने माझ्याकडे बघितलं. आता काय करायचं ते मला विचारावं असं कधी कुणाला त्या देशात वाटलं नव्हतं. मी ओढणी डोळ्यांवरून काढलीच नाही.

"येस प्लीज," मी म्हणाले. "वन इज नॉट इनफ."